आवाजाचा सांधा : मराठी संगीतसमीक्षेतील एक दुर्लक्षित निकष

प्रस्तावना

मराठी संगीतसमीक्षेत गायकाच्या आवाजाविषयी लिहिण्याची एक ठरीव रीत आहे. आवाज भरदार असतो, पहाडी असतो, किनरा असतो, मधाळ असतो. आणि कौतुकाची परिसीमा गाठावयाची असेल तर तो 'तिन्ही सप्तकांत लीलया फिरतो'. यांपैकी विशेषणे आवाजाच्या पोताविषयी बोलतात आणि शेवटचे विधान त्याच्या पल्ल्याविषयी. परंतु खालच्या स्वरांतील भरदारपणा जेथे संपत येतो आणि वरच्या स्वरांतील हलकेपणा जेथे सुरू होतो, त्या जागेविषयी ही समीक्षा सहसा काही बोलत नाही. त्या जागेला मराठीत रूढ नावही नाही. तेथे काही बिघडले की मात्र शब्दांची वाण पडत नाही : आवाज चिरकला, फाटला, फुटला, ओरडला. म्हणजे जी जागा केवळ अपघाताने लक्षात येते आणि अपघात टळला की विसरली जाते, अशी ही जागा आहे. रस्त्यावरील खड्डा दिसतो. तो बुजविणाऱ्याचे काम दिसत नाही, असाच हा प्रकार होय.

प्रस्तुत लेखात या जागेसाठी 'सांधा' हा शब्द योजिला आहे. सुतार, गवंडी आणि वैद्य या तिघांच्याही व्यवहारात तो आहे आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एकच : दोन भिन्न गोष्टी जेथे एकत्र येतात, भार जेथे पेलला जातो आणि दुखणेही प्रथम जेथे उद्भवते ती जागा. गायकाच्या आवाजाची परीक्षा त्याच्या पल्ल्याने न करता सांध्याने करावी, आणि घराण्यांच्या चर्चेतही सांध्याला स्थान मिळावे, अशी येथील भूमिका आहे. सांधा बेमालूम बुजविणे हेच एकमेव श्रेयस आहे, असे मात्र येथे म्हणावयाचे नाही.

देवगिरी, बोलोन्या आणि पॅरिस

हा प्रश्न पाश्चात्त्य असून आपल्या गायनावर तो बाहेरून लादला जात आहे, असा आक्षेप घेतला जाण्याचा संभव आहे. त्याचे उत्तर देवगिरीतच मिळते. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. मंद्र, मध्य आणि तार या तीन स्थानांचा संबंध त्याने अनुक्रमे हृदय, कंठ आणि मूर्धा यांच्याशी जोडला आहे. युरोपात पुढे 'छातीचा आवाज' आणि 'माथ्याचा आवाज' अशा संज्ञा रूढ झाल्या, त्यांच्याशी या मांडणीचे साम्य नजरेत भरणारे आहे. दोन्हीकडील गायकांना छातीत व डोक्यात जाणवणारी कंपने एकाच शरीराची असल्यामुळे हे साम्य आले असावे. त्यासाठी देवाणघेवाणीची कल्पना करण्याचे कारण नाही.

अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, शब्दाचे म्हणजे आवाजाचे गुण सांगताना शार्ङ्गदेवाने 'त्रिस्थान' असा एक गुण नोंदविला आहे. याचा अर्थ तिन्ही सप्तकांत पोहोचणारा आवाज एवढाच नाही. तिन्ही स्थानांत ज्याची छवी व रक्ती एकरूप राहते तो आवाज त्रिस्थान होय. म्हणजे शार्ङ्गदेवाला अभिप्रेत असलेला निकष लांबीचा नसून एकरूपतेचा होता. आधुनिक मराठी समीक्षेने 'त्रिस्थान'चे रूपांतर 'तिन्ही सप्तकांत फिरणारा आवाज' असे केले, तेव्हा गुणवाचक संज्ञेची परिमाणवाचक संज्ञा झाली. हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो. पण समीक्षेचा कान पल्ल्याकडे वळला आणि सांध्यावरून उठला तो येथेच.

इटलीतील बोलोन्या येथे 1723 मध्ये पिएर फ्रान्चेस्को तोझी या गायकाने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. छातीचा व माथ्याचा आवाज परस्परांत मिसळले नाहीत तर विद्यार्थ्याचे गाणे बिघडेल, असे त्याने शिक्षकांना बजावले आहे. पुढे पॅरिसमध्ये मॅन्युएल गार्सिया (1805–1906) याने 1840 मध्ये रजिस्टरची व्याख्या केली : स्वरयंत्राच्या एकाच प्रकारच्या क्रियेतून उत्पन्न होणारी, पोताने समान अशा लागोपाठच्या स्वरांची मालिका. 1854 मध्ये त्याने आरशाच्या साहाय्याने स्वतःच्या स्वरयंत्राची हालचाल पाहिली आणि पुढील वर्षी ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. गाणे शिकविणाऱ्याने गळ्याच्या आत डोकावून पाहिले, हे त्या घटनेचे महत्त्व आहे. गार्सियाच्या व्याख्येतील 'एकाच क्रियेतून' हे शब्द निर्णायक आहेत. कारण क्रिया बदलते तेथे सांधा येतो.

आजचे शरीरशास्त्र ही क्रिया अधिक नेमकेपणाने सांगते. खालच्या स्वरांत स्वरतंतू आखूड व जाड असतात, त्यांची पूर्ण जाडी कंप पावते आणि प्रत्येक आवर्तनात ते अधिक काळ मिटलेले राहतात. म्हणून आवाज भरीव लागतो. वरच्या स्वरांत ते ताणले जाऊन पातळ होतात, कंपन मुख्यत्वे कडांपुरते राहते आणि मिटलेपणाचा काळ घटतो. या दोन कामांसाठी स्नायूंचे दोन वेगळे गट आहेत. एका गटाने हळूहळू सैल व्हावयाचे आणि दुसऱ्याने हळूहळू ताण घ्यावयाचा, ही देवघेव सुरळीत झाली तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. पहिल्या गटाने हट्टाने भार धरून ठेवला आणि अखेर तो एकदम सोडला, तर आवाज चिरकतो. चिरकणे ही सुराची चूक नव्हे, भार उशिरा सोडल्याची खूण होय.

पट्टीचे गणित

हा सांधा साधारणतः सेकंदाला 300 ते 350 कंपनांच्या आसपास येतो. व्यक्ती, स्वरवर्ण आणि जोर यांनुसार तो थोडा मागेपुढे होतो; पण लक्षणीय बाब अशी की स्त्री व पुरुष या दोहोंमध्ये तो जवळपास त्याच पट्ट्यात असतो. हिंदुस्थानी गायनात षड्ज गायकाच्या सोयीने ठरतो. त्यामुळे हा स्थिर पट्टा प्रत्येकाच्या सप्तकात निराळ्या स्वरावर पडतो. समीक्षेने या साध्या गणिताकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

काळी एक ही पुरुषांची रुळलेली पट्टी. तिचा मध्य षड्ज सुमारे 139 आणि तार षड्ज सुमारे 277 कंपनांचा. तेव्हा तार ऋषभ 312 व तार गांधार 346 च्या जवळ येतो. याचा अर्थ असा की पुरुष गायकाचे संपूर्ण मध्य सप्तक आणि तार षड्जसुद्धा जड आवाजात सुखाने सामावतात. सांधा येतो तो तार ऋषभ–गांधारावर, म्हणजे मैफलीच्या अशा क्षणी की जेव्हा बढत शिगेला पोहोचलेली असते. तेथे थोडा जोर, थोडा ताण श्रोत्याला स्वाभाविक वाटतो, किंबहुना हवासा वाटतो. दादही तेथेच मिळते.

गायिकेचे तसे नाही. काळी चारच्या पट्टीत षड्ज सुमारे 208 कंपनांचा असतो. पंचम 312 आणि शुद्ध धैवत 346 च्या आसपास. म्हणजे तिचा सांधा मध्य सप्तकाच्या ऐन मध्यात, पंचम–धैवतावर येतो. यमन असो वा भूप, आलापीचा उत्तरांगातील प्रत्येक फेरा त्या सांध्यावरून जातो आणि परततो. पुरुषाला एका ख्यालात जो सांधा मोजक्या वेळा ओलांडावा लागतो, तो गायिकेला पदोपदी ओलांडावा लागतो. 'स्त्रियांच्या आवाजाला तयारी कमी लागते, तो निसर्गतःच गोड असतो' हे अनेकदा ऐकू येणारे विधान या गणितापुढे टिकत नाही. गायिकेच्या आवाजातील गोडवा ही पुष्कळदा त्या सांध्यावर केलेल्या अदृश्य मेहनतीची फलश्रुती असते.

बालगंधर्व : आधीच हलके होणे

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (1888–1967) यांच्याविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्यातील बराचसा भाग आठवणींचा आणि भाविकतेचा आहे. स्त्रीभूमिकेसाठी त्यांनी कृत्रिम, बायकी आवाज काढला नाही, हे सर्वांनी नोंदविले. पण त्याचा स्वरयंत्रापुरता अर्थ काय, याचा विचार क्वचितच झाला.

जपानच्या काबुकी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा नट हलक्या, वरच्या आवाजात बोलतो. तेथे सांधा ओलांडून पलीकडे वस्ती केलेली असते. बालगंधर्वांनी तसे केले नाही. 'मानापमान' (1911), 'स्वयंवर' (1916), 'एकच प्याला' (1919) या नाटकांतील भूमिकांनी ज्यांची कीर्ती झाली, त्या नटाचा आवाज पुरुषाचाच होता आणि त्यावर भास्करबुवा बखले यांच्या ख्यालाच्या तालमीचा संस्कार होता. ध्वनिवर्धक येण्यापूर्वीच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी चढी पट्टी अपरिहार्य होती. चढ्या पट्टीत पुरुषाचा सांधा खाली, मध्य सप्तकाच्या वरच्या अंगाकडे सरकतो. म्हणजे एरवी गायिकेला जो प्रश्न पडतो त्याच्या जवळपासचा प्रश्न रंगमंचावरील रुक्मिणीला आणि सिंधूला, त्या साकारणाऱ्या पुरुषाच्या गळ्यात पडला होता.

त्यांच्या ध्वनिमुद्रिका या दृष्टीने ऐकल्या असता एक गोष्ट जाणवते. वर जाताना ते आवाज वाढवीत नाहीत. सांधा येण्यापूर्वी दोन-तीन स्वर आधीच आवाज हलका होऊ लागतो, आणि वरचा स्वर सरळ न घेता लहानशा मुरकीच्या किंवा कणाच्या आधाराने, जणू वरून खाली येऊन, घेतला जातो. कणाचा हा उपयोग केवळ अलंकरणाचा नव्हे. वरून येणारा आवाज हलक्या बांधणीतच असतो; त्यामुळे जड आवाज वर ओढून नेण्याचा प्रसंगच टळतो. ज्याला 'गंधर्वगायकीचा लडिवाळपणा' म्हटले जाते त्याचा काही अंश तरी या युक्तीत आहे. यात एक सावधगिरी बाळगावयास हवी : जुन्या तबकड्यांची गती सर्वत्र सारखी नसे, त्यामुळे त्यांवरून मूळ पट्टी नेमकी सांगणे धाडसाचे ठरते. परंतु पट्टी निश्चित नसली तरी आवाज कोणत्या स्वरापासून हलका होतो, हे सप्तकातील स्थानावरून ऐकता येते.

बालगंधर्वांचे अनुकरण करणाऱ्या अनेकांनी मुरकी उचलली. तिच्या आधी येणारे हलकेपण त्यांना उचलता आले नाही. त्यामुळे मूळ गाण्यात जे सहज वाटते ते अनुकरणात नखरेल वाटते.

एक गुरू, तीन सांधे

वामनराव देशपांडे यांचा 'घरंदाज गायकी' (1961) हा मराठीतील घराणेविचाराचा पायाभूत ग्रंथ आहे. स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान घराण्यांची मांडणी करून त्यांनी किराण्याला स्वराच्या टोकाकडे, आग्र्याला लयीच्या टोकाकडे आणि जयपूरला समतोलाच्या जागी बसविले. ही मांडणी आजही उपयुक्त आहे. तथापि ती आडव्या पट्टीसारखी आहे. आवाज खालून वर जाताना काय होते, ही उभी दिशा तिच्यात येत नाही. ती आणली की घराण्याच्या सीमारेषा बऱ्याच धूसर होतात. किराणा घराण्याचेच उदाहरण घेता येईल.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (1872–1937) यांच्या उपलब्ध ध्वनिमुद्रिकांत, विशेषतः झिंझोटी व भैरवीतील प्रसिद्ध ठुमऱ्यांत, आवाज आरंभापासूनच बारीक धारेचा आहे. खालच्या स्वरांतही तो फारसा भरीव होत नाही. म्हणजे सांधा बुजविण्याचा त्यांचा उपाय असा, की खालीच इतके हलके राहावयाचे की वर गेल्यावर फरक पडूच नये. त्याची किंमत मंद्रातील भरीवपणाने मोजली जाते, आणि ती त्यांनी मोजली. तार षड्जावरील त्यांचा ठेहराव तंतुवाद्याच्या आसेसारखा वाटतो तो यामुळेच.

त्यांचे शिष्य सवाई गंधर्व (1886–1952) यांचा आवाज मुळात इतका अनुकूल नव्हता. मैफलीत तो तापावयास वेळ लागे, असे त्यांना ऐकलेल्यांनी सांगितले आहे. ज्याला सांधा जन्मतः सोपा नसतो त्याला तो शिकविता येतो, असे म्हणण्याचा मोह होतो. कारण त्यांच्या तीन नामवंत शिष्यांचे गाणे पाहता त्यांनी कोणालाही स्वतःची किंवा खाँसाहेबांची नक्कल करावयास लावले असे दिसत नाही.

पं. फिरोज दस्तूर (1919–2008) यांनी खाँसाहेबांचा मार्ग जवळून अनुसरला : मृदू लगाव, तारेत जोर नाही, आवाजाची एक अखंड सुती. पं. भीमसेन जोशी (1922–2011) यांनी नेमके उलट केले. मध्य सप्तकातील भरीव आवाज त्यांनी तार षड्जाच्याही पलीकडे तसाच वर नेला. सांधा येतो त्या तार ऋषभ–गांधाराच्या प्रदेशात त्यांचा आवाज बारीक होण्याऐवजी रुंद होतो, आणि त्यासाठी लागणारे बळ हातांच्या व चेहऱ्याच्या हालचालींतून डोळ्यांनाही दिसत असे. त्यांच्या मैफलींत रोमांच उभा राहतो तो हा भार सुटेल की काय या क्षणिक शंकेमुळे, आणि तो सुटत नाही या अनुभवामुळे. हा मार्ग बहुतांश गळ्यांना झेपणारा नाही. त्यांच्या अनुकरणापायी किती तरुण गळे बसले असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

तिसरे उदाहरण गंगुबाई हनगल (1913–2009) यांचे. 'गांधारी' या नावाने निघालेल्या त्यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत आवाज उंच, टोकदार, तत्कालीन गायिकांसारखा आहे. पुढे गळ्यावरील उपचारानंतर तो इतका खाली उतरला, की नभोवाणीवर ऐकणाऱ्यांना पुरुष गात असल्याचा भास होई. या बदलाचे वर्णन सामान्यतः 'मर्दानी आवाज' या शब्दांत करून विषय संपविला जातो. वस्तुतः येथे एका गायिकेला आपल्या गळ्याचा नकाशाच नव्याने आखावा लागला. पट्टी खाली आल्यामुळे मध्य सप्तकातील सांधा वर, तारेकडे सरकला. आणि ज्या उत्तरांगात इतर गायिका आवाज बदलीत होत्या तेथे गंगुबाईंना सलग, घट्ट, एकाच वजनाचा आवाज उपलब्ध झाला. आपत्तीतून आलेली ही गोष्ट त्यांनी गायकीचा पाया केली. त्यांचा पंचमावरून तार षड्जाकडे जाणारा धीमा, वजनदार प्रवास या दृष्टीने ऐकण्याजोगा आहे.

एकाच गुरूच्या या तीन शिष्यांत स्वरनिष्ठा समान आहे, रागांची मांडणी पुष्कळशी समान आहे. सांधा मात्र तिघांचा तीन प्रकारचा आहे. घराणे बंदिश देते, राग देते, बढतीची शिस्त देते. सांधा ज्याचा त्याला आपल्या देहात शोधावा लागतो.

जयपूर–अत्रौली परंपरेबद्दल येथे थोडक्यात एवढेच. तेथे शुद्ध आकाराचा आग्रह आहे आणि आकार हा सांध्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण स्वरवर्ण होय. 'उ' किंवा 'ओ' उच्चारताना हलक्या आवाजात शिरणे सोपे जाते. उघड्या 'आ'त लपावयास जागा नसते. केसरबाई केरकर (1892–1977) यांच्या आवाजाचे जे सातत्याने वर्णन केले गेले, की खालपासून वरपर्यंत तो एकाच जाडीचा व तेजाचा वाटे, ते शार्ङ्गदेवाच्या 'त्रिस्थान' गुणाचे आधुनिक काळातील बहुधा सर्वांत जवळचे उदाहरण आहे. अल्लादिया खाँ (1855–1946) यांचा स्वतःचा आवाज दरबारातील अतिगायनाने बिघडला होता आणि त्यानंतर त्यांनी आपली पेचदार गायकी घडविली, असे परंपरा सांगते. तसे असेल तर बिघडलेल्या गळ्यासाठी रचलेली गायकी एका अभंग गळ्यात पूर्णत्वास गेली, असा हा विलक्षण योग म्हणावा लागेल.

सांधा उघडा ठेवणे

येथवरच्या विवेचनातून सांधा लपविणे हीच कला, असा समज होऊ शकतो. तो दूर करण्यासाठी शास्त्रीय संगीताबाहेर क्षणभर डोकावणे उपयुक्त ठरेल. किशोरकुमार (1929–1987) यांनी चित्रपटगीतांत वापरलेले यॉडलिंग म्हणजे दुसरेतिसरे काही नसून सांध्याचे उघड प्रदर्शन होय. आल्प्सच्या डोंगरांतून आलेल्या या प्रकारात जड आवाजातून हलक्या आवाजात मारलेली उडी मुद्दाम ऐकविली जाते. ती उडी हाच अलंकार असतो. जे ख्यालात 'चिरकणे' ठरेल ते येथे हुकमी आल्यामुळे आनंद देते. दोष व अलंकार यांतील अंतर पुष्कळदा केवळ हेतूचे असते.

ख्यालगायनात या दिशेने सर्वाधिक विचारपूर्वक गेलेले गायक म्हणजे पं. कुमार गंधर्व (1924–1992). बालपणीच असाधारण गायक म्हणून गाजलेला हा मुलगा प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे मुंबईत आला, आणि कंठ फुटण्याचा नाजूक काळ त्याने अशा गुरूच्या देखरेखीखाली काढला की ज्याला आवाजसाधनेच्या शास्त्रात विशेष रस होता. ही गोष्ट चरित्रांत जितक्या सहजतेने सांगितली जाते तितकी ती सामान्य नाही. त्या काळी नाटक मंडळ्यांतील कितीतरी गोड गळ्याच्या मुलांची कारकीर्द कंठ फुटताच संपुष्टात येई.

पुढे क्षयाने त्यांचे एक फुप्फुस निकामी झाले आणि 1950 च्या दशकात ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा लांब दमसासाची आलापी त्यांना शक्य नव्हती. तुटक, नेमके, अल्पाक्षरी स्वरवाक्य हे त्यांचे वैशिष्ट्य झाले. याचे श्रेय आजाराला देऊन थांबणे अन्यायाचे आहे. त्यांच्या गायनात मध्य सप्तकातील कुजबुजता, जवळजवळ श्वासमिश्रित आवाज आणि तार षड्जावर अचानक उघडणारा पूर्ण आवाज यांच्यामध्ये पूल बांधलेला नसतो. निर्गुणी भजनांत तर ही दरी मुद्दाम उघडी ठेवलेली आहे : एक ओळ माणूस स्वतःशी म्हणतो आणि दुसरी आभाळाकडे फेकतो. दरी बुजविली असती तर अर्थ उणावला असता. अशा गाण्याला 'त्रिस्थान' हा निकष लावून कमी लेखणे म्हणजे निकषच चुकीच्या जागी वापरणे होय. मात्र सांधा ज्याच्या हाती आला आहे तोच तो उघडा ठेवू शकतो. ज्याच्या हाती तो आलेला नाही त्याचा सांधा नुसताच उघडा पडतो. कुमारांच्या अनुयायांच्या गाण्यात हा फरक अनेकदा अस्वस्थ करतो.

खर्ज, वर्ग आणि पट्टी

आपल्याकडील रियाजात पहाटेच्या खर्जसाधनेला मोठे माहात्म्य आहे. मंद्र षड्जावर दीर्घकाळ ठेहराव करून आवाज भरावा, हा उपदेश पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे आणि त्यात तथ्य आहे. खर्जाने जड आवाजाला बळ येते. परंतु तो अर्धाच उपदेश आहे. केवळ जड आवाजाचे स्नायू बळकट केले आणि हलक्या आवाजाला 'खोटा आवाज' म्हणून वाळीत टाकले, तर सांध्यावर देवघेव करावयास दुसरा पक्षच उरत नाही. 'खोटा' या शब्दाने येथे फार नुकसान केले आहे. स्वरयंत्राच्या दृष्टीने त्यात खोटे काही नाही. तीही त्याच तंतूंची दुसरी बांधणी आहे.

युरोपीय शिक्षणपरंपरेत हलका आवाज वरून खाली उतरवीत आणून त्यात क्रमाने भर घालण्याचा, आणि एकाच स्वरावर आवाज लहानाचा मोठा व मोठ्याचा लहान करण्याचा अभ्यास दिला जातो. आपल्याला तो उसना घेण्याची आवश्यकता नाही. तार षड्जावरून पंचमापर्यंत विलंबित मींड हळू आवाजात उतरविणे, हा आपल्याच परंपरेतील व्यायाम तेच कार्य करतो. फरक इतकाच, की तो रागदारीचा अलंकार म्हणून शिकविला जातो, आवाजाची साधना म्हणून नव्हे. डॉ. अशोक दा. रानडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी आवाजजोपासनेकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची दिशा दाखविली. महाविद्यालयीन अध्यापनात ती पुरेशी झिरपलेली नाही.

महाविद्यालयाच्या संगीतवर्गात हा प्रश्न सर्वाधिक तीव्र होतो, कारण तेथे मुले व मुली एकत्र शिकतात आणि पेटी एकच असते. अध्यापक मध्यममार्ग म्हणून, समजा, काळी तीन धरतात. षड्ज सुमारे 185 कंपनांचा. मुलांचा तार षड्ज 370 वर जातो, म्हणजे सांधा ओलांडून पलीकडे. परिणामी काळी एकमध्ये जो मुलगा तार गांधारापर्यंत सुखाने जातो तो येथे तार षड्जालाच ओरडतो आणि 'तुझा आवाज वर जात नाही' असे ऐकून घेतो. त्याच वर्गातील मुलींचा सांधा धैवत–निषादावर येतो आणि मंद्र सप्तकातील पंचम 139 वर जातो, जेथे त्यांच्यापैकी अनेकींच्या आवाजात काही उरत नाही. 'मोकळ्या आवाजात गा' ही सूचना मग सर्वांना सरसकट केली जाते. मुलगी ती पाळते म्हणजे काय करते, तर जड आवाज धैवताच्याही वर ओढून नेते. वर्षअखेरीस आवाज बसल्याची तक्रार येते आणि तिचे खापर थंड पाण्यावर व आंबट पदार्थांवर फुटते.

तानपुऱ्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्र आणि आता भ्रमणध्वनीवरील तानपुरा उपलब्ध असताना प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची पट्टी देणे अवघड राहिलेले नाही. अडचण साधनांची नसून ऐकण्याच्या सवयीची आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थी तार सप्तकात कुठवर गेला हे परीक्षकाच्या ध्यानात राहते. पंचमावरून निषादाकडे जाताना त्याच्या आवाजाचे काय झाले याची नोंद होत नाही. एखादी विद्यार्थिनी काळी चारमध्ये यमनाचा आलाप करते, तार षड्जापलीकडे जात नाही, पण पंचम–धैवत–निषाद या तीन स्वरांवरून चार वेळा ये-जा करताना तिच्या आवाजाचा पोत एकदाही बदलत नाही. तिच्या शेजारी बसलेला विद्यार्थी तार पंचमाला हात लावून येतो आणि प्रत्येक फेरीत तार गांधारावर त्याची मान ताठते. या दोघांपैकी अधिक गुण कोणाला मिळतात, हे अध्यापकवर्गाला ठाऊक आहे.